चाळलेला भुसा

गिअरबॉक्सच्या तळाचं बूच मिस्त्रीने फिरवून काढलं आणि खाली धरलेल्या घमेल्यात काहीच पडलं नाही. एरवी बूच सैल झालं की तेल भसाभसा येतं. इथे भोकाच्या तोंडाशी तपकिरी लगद्याचा एक गोळा आला, जरासा फुगला आणि सावकाश घमेल्यात पडला. त्याच्यामागून दुसरा. वास आला तो सडक्या अंड्यांचा, जळक्या केसांचा आणि कुजलेल्या लाकडाचा, तिन्हींचा एकदम.

ताई शेजारीच उकिडवी बसली होती. ती उठली, शेडच्या मागे गेली आणि ओकली.

तिच्या नवऱ्याला गाडीपेक्षा याचीच जास्त काळजी वाटली, कारण ही बाई ओकणाऱ्यातली नव्हती. सगळी नोकरी तिने एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात काढली होती. रक्ताने कडक झालेल्या चादरी, घाणीने भरलेले गाऊन, मेलेल्या माणसाच्या अंगाखालून काढलेली मेणकापडं, सगळं तिने उचललं होतं, धुतलं होतं, वाळवून घड्या घालून ठेवलं होतं. पुढे धुलाईघराची व्हॅन चालवायलाही तीच पुढे झाली. मळक्या कपड्यांचे गठ्ठे मागे रचलेले असताना ही पुढच्या सीटवर बसून डबा खायची. इतर ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून लांब उभे राहायचे, त्यांना ती म्हणायची, "नाकाने कांदे सोलू नका, तुमच्याही अंगातून हेच येतं."

ती तोंड पुसत परत आली तेव्हा मिस्त्री तो लगदा दोन बोटांत चोळून बघत होता.

"भुसा आहे," तो म्हणाला. "लाकडाचा."

"तेलात भुसा कसा जाईल?" तिने विचारलं.

"जात नाही ताई, घालतात." मिस्त्री दवाखान्याच्या गाड्या दुरुस्त करायचा, तेव्हापासून तोही तिला ताईच म्हणायचा. "आतल्या चाकांचे दात झिजले की गिअरबॉक्स रडायला लागतो. मग विकणारा काय करतो, तेलात बारीक भुसा कालवून भरतो. भुसा दातांमधे बसतो, आवाज बंद. गिऱ्हाईक चालवून बघतं, खूश होतं. गोगलगाय नि पोटात पाय. थोडे दिवस गेले की भुसा जळतो, तेलाच्या वाटा बुजतात आणि बेअरिंग जातात."

"आणि बेअरिंग गेल्यावर?" नवऱ्याने विचारलं.

"नशीब असेल तर गाडी नुसती थांबते. नसेल तर घाटाच्या उतारावर मागची चाकं जाम होतात."

गाडी कोणाकडून घेतली होती ते तिघांनाही माहीत होतं. ती ताईच्या सख्ख्या धाकट्या भावाकडून घेतली होती.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. हात कापायला लागले तसं त्याने दुकान बंद केलं. लोकांच्या मनगटांवरचा वेळ दुरुस्त करण्यात आपला निघून गेला, असं तो हसत म्हणायचा, पण ते हसणं फार वेळ टिकायचं नाही. ताई निवृत्त झाली तेव्हा दोघांनी ठरवलं, एक घरगाडी घ्यायची आणि हातपाय चालतात तोवर रस्त्यावरच राहायचं. मुलंबाळं नव्हती, अडवणारं कोणी नव्हतं. धाकटा जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा. त्यानेच ही शोधून दिली. ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा, मागे दोन शेगड्यांचा ओटा, कपाटाएवढा संडास, आणि बाहेरून पिवळट पांढरा रंग. गाडी जुनी होती, पण डौलदार होती.

"आतून सगळा हात फिरवलाय मी," धाकटा म्हणाला होता. "डोळे मिटून चालव, ताई."

ज्याला तिने कडेवर घेऊन वाढवला, ज्याचं नाक तिने आपल्या फ्रॉकला पुसलं, त्याच्या गाडीखाली वाकून काय बघायचं? घरी आणताना गाडी लोण्यासारखी चालली. मग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला नवऱ्याने मान तिरपी केली. त्याचा कान घड्याळवाल्याचा. "आत काहीतरी दळतंय," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात ते ताईलाही ऐकू यायला लागलं, आणि गाडी मिस्त्रीच्या शेडमधे आली.

तिने तिथूनच धाकट्याला फोन लावला. आधीचा मालक लबाड निघाला असेल, धाकट्यालाही टोपी घातली असेल, अशी एक आशा अजून होती.

"गिअरबॉक्समधे भुसा निघालाय," ती म्हणाली.

पलीकडे तो हसला. "उघडलास होय तू? कशाला उघडायचा?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"अगं, धंद्यात सगळेच करतात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी गिऱ्हाईक आहे का तुझी?"

"तसं नाही गं. पण मला सांग, तुम्ही जाणार होतात कुठे? भाऊजींना चहाचा कप धरवत नाही. मला वाटलं, दारात उभी कराल, संध्याकाळी आत बसाल, शेजाऱ्यांना दाखवाल. तेवढ्याला ती पुरली असती."

ताईने फोन बंद केला. फसवलं याचा राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण हे रागासारखं नव्हतं. हाताला काहीतरी बुळबुळीत लागावं आणि ते आपल्याच ताटातलं निघावं, तसं होतं ते. त्याने दोघांचं उरलेलं आयुष्य मापून बघितलं होतं, दारापासून फाटकापर्यंतचं, आणि तेवढ्याच मापाचा भुसा भरला होता.

"परत देऊन टाका," मिस्त्री म्हणाला. "भाऊ आहे, घेईल."

"घेईल. आणि नवीन भुसा भरून दुसऱ्याच्या गळ्यात मारेल," ती म्हणाली. "नाही. ही गाडी आता नीट करायची. सगळी."

मग ते काम सुरू झालं, आणि ते काम म्हणजे एकामागून एक घाण उपसणं होतं. गिअरबॉक्स खाली उतरवला तर क्लचच्या पोकळीत उंदरांचं घरटं निघालं. सीटच्या गादीतला कापूस, कागदाचे कपटे, आणि मधोमध वाळून चपटी झालेली पिल्लं, क्लचच्या काळ्या भुकटीत लोळवल्यासारखी. नवऱ्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर नेली. गिअरबॉक्सचं झाकण काढलं तर आत भुशाचे थर भिंतींना चिकटून कडक झाले होते. ते खरवडून काढावे लागले. खरवडताना प्रत्येक वेळी तो वास नव्याने उठायचा. ताईचे केस, ताईची उशी, ताईचा घास, सगळ्याला तो लागला. ती घरी जाऊन साबणाने तीन-तीनदा हात घासायची आणि तरी पोळीचा तुकडा तोंडाशी आला की नाक आपोआप आक्रसायचं.

"मागचा गोळाही बघून घेऊ," मिस्त्री म्हणाला. मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो, लांब शाफ्टचं फिरणं तो चाकांकडे वळवतो. त्याचं झाकण काढलं तर तेलाऐवजी घट्ट काळं ग्रीस, आणि त्यात बायकांच्या पायमोज्यांच्या चिंध्या. मिस्त्रीने चिमट्याने एक लांब चिंधी ओढून काढली. ती येतच राहिली.

"हेही आवाज बंद करायला?" नवऱ्याने विचारलं.

"हो. हा मात्र कलाकार आहे हं," मिस्त्री म्हणाला, आणि ताईकडे बघून त्याने जीभ चावली.

दवाखान्यातली घाण आजाराची होती. ती कोणी मुद्दाम केलेली नव्हती, म्हणून तिची कधी किळस आली नाही, असं ताईला त्या दिवशी चिंधी बघताना कळलं. ही घाण कोणीतरी बसून, नीट विचार करून, शीळ घालत भरली होती.

जुना गिअरबॉक्स दुरुस्तीच्या पलीकडे गेला होता. मिस्त्री म्हणाला, नाहीतरी चारच गिअर होते त्याला, मोठ्या रस्त्यावर इंजिन उगाच बोंबलत राहायचं. त्याच कंपनीची नंतरच्या काळातली एक मालवाहू व्हॅन भंगारात आली होती. समोरून ठोकलेली, पण मागचं सगळं शाबूत. तिचा पाच गिअरचा बॉक्स बसवायचं ठरलं. तो जुन्यापेक्षा लांब होता, म्हणून त्याला धरणारी आडवी पट्टी कापून मागे सरकवावी लागली, आणि मागे जाणारा शाफ्ट तेवढाच आखूड करून पुन्हा समतोल करून आणावा लागला. डिफरन्शियलमधे दातेरी चाकांची नवी जोडी घातली, अशा हिशोबाने की त्याच वेगाला इंजिन कमी फिरेल. क्लचची कुजलेली तार काढून तेलाच्या दाबावर चालणारा क्लच बसवला. मागच्या चाकांचे बेअरिंग आणि सील नवे.

ताई गाडीखाली झोपून बोल्ट आवळायची. नवरा रॉकेलच्या ट्रेमधे एकेक दातेरी चाक ब्रशने धुवायचा. कापऱ्या हातांना हे काम जमत होतं, उलट ब्रश आपोआप हलायचा म्हणून तो खूश होता.

"घड्याळातली चाकं आणि ही, जात एकच," तो म्हणायचा. "फक्त एवढं मोठं मनगट कुठून आणायचं ते बघा."

मिस्त्री हसायचा. ताई हसायची नाही. ती गाडी हळूहळू स्वच्छ होत होती हे तिला दिसत होतं. नवं तेल घातलं तेव्हा ते मधासारखं पारदर्शक उतरलं, त्यात बोट बुडवून तिने उजेडात धरलं आणि बराच वेळ बघितलं. तरी घरी जाऊन तिने हात पुन्हा तीनदा घासले.

या काळात आईचे फोन येत राहिले. आई धाकट्याकडे राहायची, गाड्यांच्या आवाराच्या वरच्या मजल्यावर. दर वेळी तेच. "आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊ आहे तुझा. ये एकदा, बोलून टाका." ताई "बघू" म्हणून फोन ठेवायची.

गाडी तयार झाली. मिस्त्रीने ती टेकडीवर चढवून आणि उतरवून दाखवली. पाचव्या गिअरला इंजिन असं शांत झालं की नवऱ्याने डोळे मिटून घेतले. बॉक्समधून बारीक, सरळ असा एक सूर येत होता. "हा आवाज असायचाच," मिस्त्री म्हणाला. "अजिबात आवाज आला नाही की घाबरायचं."

निघायच्या आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "आईला भेटून ये. एवढं पोटात घेऊन लांबच्या वाटेला लागू नकोस."

म्हणून ती गाडी घेऊन एकटीच गेली. आवार मोठं होतं, गाड्या दाटीवाटीने लावलेल्या, प्रत्येकीचे टायर काळ्या पॉलिशने चमकवलेले. धाकटा एका छोट्या व्हॅनपाशी उभा होता. मागे गादी आणि ओटा बसवलेली, सहलीला न्यायची व्हॅन. समोर एक तरुण जोडपं, नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेली लहान मुलगी. धाकट्याने ताईची गाडी बघितली, हात वर केला आणि पुन्हा गिऱ्हाईकाकडे वळला, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

ती वर गेली. आई स्वयंपाकघरात कणीक चाळत होती. ताईला बघून तिचे डोळे भरले. बस म्हणाली, चहा टाकते म्हणाली.

"आई, त्याने काय केलं माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे गं. चुकलाच तो." आईने चाळण हलवत म्हटलं. "मी तेव्हाही त्याला म्हटलं होतं, बहिणीची गाडी आहे, जरा चांगला भुसा घाल."

ताईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"खालीच तर करत होता. बारीक भुसा लागतो म्हणाला, जाड असला की दातांत अडकतो. चाळण माझीच नेली होती." आईने हातातली चाळण किंचित वर केली. "दिली परत धुऊन. मीही पुन्हा धुतली."

चाळणीतून कणीक खाली पडत होती, पांढरी, मऊ, परातीत तिचा ढीग होत होता. ताई त्या ढिगाकडे बघत राहिली.

"आम्ही दोघं त्या गाडीत बसणार होतो, आई. उतारावर चाकं जाम झाली असती तर?"

"तुम्ही कुठे उतारावर जाणार होतात?" आई अगदी मायेने म्हणाली. "तो म्हणाला, दारातच उभी राहील. आणि त्यालाही हप्ते होते, घर होतं. तू काय, खंबीर आहेस. तुझी मला कधी काळजीच वाटली नाही."

चहा उकळून वर आला. आईने तो कपात ओतला, बशी पुसली, पुढे ठेवली. ताईने कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. लहानपणापासून जिच्या हातचं खाल्लं त्या हाताकडे बघवत नव्हतं. ती उठली. "आलेच," म्हणाली आणि जिना उतरली.

खाली धाकटा व्हॅनचं इंजिन चालू करून उभा होता. "आवाज ऐका. आहे का काही? लोणी आहे लोणी." तरुण नवरा मान डोलवत होता. बायको विचारत होती, मुलीच्या आजोळी जायला डोंगर ओलांडावा लागतो, ही चढेल ना. "डोळे मिटून चालवा, वहिनी," धाकटा म्हणाला.

ताई आपल्या गाडीकडे गेली, हत्यारांच्या पेटीतून पाना घेतला आणि परत आली. "इंजिन बंद कर," ती धाकट्याला म्हणाली.

"ताई, गिऱ्हाईक आहे. नंतर."

तिने स्वतःच हात घालून किल्ली फिरवून काढली, कमरेला खोवली आणि साडी खोचून व्हॅनखाली सरकली. धाकटा हसत हसत जोडप्याला म्हणाला, "आमची ताई. तिलाही गाड्यांचं वेड आहे." पण त्याचा आवाज चढला होता. बॉक्सच्या कुशीला तेल भरायचं बूच असतं. ते तिने सैल केलं, काढलं, आणि आत बोट घातलं. बोटाला काय लागणार ते ठाऊक असूनही तिच्या अंगावर शहारा आला.

ती बाहेर आली तेव्हा बोट दुसऱ्या पेरापर्यंत तपकिरी लगद्याने माखलेलं होतं. तिने ते त्या बाईपुढे धरलं.

"वास घ्या."

बाईने वास घेतला आणि मान फिरवली.

"हा लाकडाचा भुसा आहे. आवाज बंद करायला घालतात. महिनाभर चालेल, मग डोंगरावर काय होईल ते मला सांगता येणार नाही. माझ्या गाडीतही हाच होता. हा माझा सख्खा भाऊ आहे."

तरुण नवऱ्याने धाकट्याकडे बघितलं. धाकटा आधीच्या मालकाबद्दल काहीतरी सांगायला लागला. जोडपं गेलं. फाटकाबाहेर पडताना झोपलेली मुलगी जागी होऊन रडायला लागली.

"पोटावर पाय दिलास माझ्या," धाकटा म्हणाला. तो पांढरा पडला होता. लहानपणी मार खाऊन घरी यायचा तेव्हा असाच दिसायचा, आणि तेव्हा ती भांडायला धावायची. आता ती त्याच्याकडे बघत होती आणि तिला काहीच वाटत नव्हतं. स्वतःच्या त्या कोरडेपणाचीही तिला किळस आली.

वरून, गॅलरीतून, आईचा आवाज आला. "घरचं घरात ठेवायचं असतं गं. लोकांसमोर कशाला?"

ताईने बोट पुसायला इकडेतिकडे बघितलं. धाकट्याने सवयीने खिशातून रुमाल काढून पुढे केला. इस्त्रीचा, स्वच्छ. तिने तो घेतला नाही. आवारातल्या नळावर जाऊन तिने हात धुतला, किल्ली त्याच्यासमोर व्हॅनच्या टपावर ठेवली आणि निघून आली.

दुसऱ्या दिवशी ती आणि नवरा निघाले. त्यांनी डोंगर ओलांडला, पलीकडचा किनारा धरला, थंडीचे महिने उबदार मुलखात काढले. नवऱ्याने गाडीत एक छोटं टेबल लावलं, वाटेत भेटणाऱ्यांची बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं तो खोलून बसायचा. मोठी चाकं त्याला अजून जमत होती. गाडीने एकदाही दगा दिला नाही. ताईला पुन्हा नीट जेवण जायला लागलं, पण वेळ लागला. पिठाला हात लावायचं काम बरेच दिवस नवराच करायचा, आणि त्यावरून त्याने तिला कधी काही विचारलं नाही.

धाकट्याचा धंदा बुडाला वगैरे नाही. आवार आहे, टायर चमकतायत, गिऱ्हाईकं येतात. काही खाली वाकून बघतात, बरीचशी बघत नाहीत.

आईला भेटायला ताई जाते. गावात आली की गाडी आवाराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर, झाडाखाली उभी करते आणि फोन लावते. आई जिना उतरून, काठी टेकत येते. नवरा तिला हात देऊन आत चढवतो, खिडकीजवळची जागा देतो, चहा करतो. आई गुडघ्यांबद्दल बोलते, झोपेबद्दल बोलते. मधेच धाकट्याचं नाव काढते आणि ताई खिडकीबाहेर बघते.

मागच्या खेपेला आई म्हणाली, "वर ये ना एकदा. तुझ्या हातचं काही खाल्लं नाही किती दिवसांत. माझ्याच स्वयंपाकघरात कर."

"इथे करून घालते," ताई म्हणाली आणि ओट्याशी उभी राहिली. तिने आईसाठी भात टाकला, डाळ फोडणीला दिली, ताट वाढलं. आई सावकाश, सगळं पुसून जेवली. आईचं ताट, वाटी आणि पेला ताईने वेगळे काढले, उकळतं पाणी ओतून दोनदा घासले आणि मग आपल्या भांड्यांत ठेवले. आई ते बघत होती. ताईनेही ते पाठ वळवून केलं नाही.